असन्निधानीचे दुःख आणि दुःखिताची शुश्रूषा

जीव हा अनादि अविद्येने वेढलेला असून परमेश्वरावाचून त्याला सोडविणारा दुसरा कोणी नाही, हे आपल्या शास्त्राचे आरंभस्थान सर्व साधकांना परिचित आहे. त्यामुळे दुःख या विषयावर आपल्या पंथात निरूपण पुष्कळ झाले आहे. परंतु ज्याच्या घरी आज दुःख आले आहे आणि ज्याच्यासमोर आपण जाऊन बसणार आहोत, त्या दुःखित मनुष्याविषयी त्या मानाने थोडेच लिहिले जाते. त्याचाच विचार या लेखात कर्तव्य आहे.

हा विचार ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील उपदेशी मंडळींना समोर ठेवून मांडीत आहे. विदर्भ, खानदेश, मराठवाडा येथून नोकरीधंद्यासाठी आलेली कुटुंबे येथे चाळींतून व इमारतींतून विखुरलेली आहेत. आपली बहुतेक स्थाने गोदाकाठी आणि वऱ्हाडात. गुरुकुळाचा आश्रम गावाकडे. घरातील कर्ता पहाटेच्या लोकलने जातो तो रात्री परततो. अशा घरावर आघात झाला म्हणजे पहिल्या दिवशी धावून येणारे आपले माणूस जवळ असेलच असे नाही. आणि आघातांची तर या भागाला वाण नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 रोजी आणि पुन्हा 23 मे 2024 रोजी रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. दुसऱ्या स्फोटानंतर मृतांची ओळख पटविण्यासाठी डीएनए तपासणीचा आधार घ्यावा लागला आणि नातलगांना नुसती वाट पाहत बसावे लागले. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाम येथे जे पर्यटक मारले गेले त्यांत तिघे डोंबिवलीचे होते. त्याच वर्षी 9 जून रोजी मुंब्रा स्थानकाजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडून मृत्यू पावले. वृत्तपत्रांत ज्यांची वार्ता येते अशी ही दुःखे झाली. कर्करोगाने अंथरुणास खिळलेली आई, परीक्षेच्या निकालानंतर बोलेनासा झालेला मुलगा, दहा दिवसांचे होऊन गेलेले बाळ, यांची वार्ता शेजारच्या दारापलीकडेही जात नाही.

या घरांतून जो प्रश्न निघतो तो पुष्कळदा एकच असतो. आम्ही नित्य पारायण केले, नामस्मरण सोडले नाही, अन्य देवतांच्या दारी गेलो नाही, मग परमेश्वराने आमच्याकडे पाठ का फिरविली? शोक आणि हा प्रश्न या दोन वस्तू भिन्न आहेत. शोक गेलेल्या माणसासाठी असतो. हा प्रश्न परमेश्वराशी असलेला आपला संबंधच तुटला की काय, या भयातून निघतो. आधुनिक शुश्रूषाशास्त्रात यालाच आध्यात्मिक क्लेश म्हणतात. लंडन येथे 1967 साली मरणासन्न रुग्णांसाठी शुश्रूषागृह उघडणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या विदुषींनी तर असे मांडले की रुग्णाची वेदना शरीराची, मनाची, कुटुंबाची आणि अंतरात्म्याची अशी एकवट असते. त्यांतील एकीकडेच पाहून औषध दिले तर उरलेली तशीच राहते. आपल्याकडे मुंबईत वांद्रे येथे 1986 साली शांति अवेदना सदन निघाले ते याच विचाराचे. ही गोष्ट आपल्या पंथाला मात्र नवी वाटण्याचे कारण नाही.

येथे शंका अशी उत्पन्न होते की, परमेश्वराने टाकले असे ज्याला वाटते त्याची श्रद्धा ढळली असे समजावे काय? कित्येक जुने उपदेशी असे समजतात आणि दुःखिताला तेथल्या तेथे श्रद्धेचे पाठ देऊ लागतात. याचे समाधान आपल्याच इतिहासात आहे. तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. ज्यांनी त्यांच्या सन्निधानाचे सुख प्रत्यक्ष भोगले होते त्या आचार्य श्रीनागदेवांना, महदाईसांना आणि इतर सर्व भक्तजनांना त्या दिवसापासून असन्निधान प्राप्त झाले. तेव्हापासून आजतागायत सारा पंथ असन्निधानातच नांदत आहे. आचारधर्माची रचना, अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण यांचा नेम, हे सर्व असन्निधानी जीवाने कसे राहावे याचेच शास्त्र होय. परमेश्वर दृष्टीआड आहे ही जाणीव ज्याला बोचते तो पंथाबाहेर पडलेला नाही. तो नेमका तेथे उभा आहे जेथे भटोबास उभे होते. आपल्या परिभाषेत अनुताप आणि आर्ती हे शब्द गुणवाचक आहेत, दोषवाचक नव्हेत, याचा विसर पडू देऊ नये. डोंबिवलीच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात रडत बसलेल्या मातेला प्रथम एवढेच कळले पाहिजे की तिच्या रडण्याने ती परमेश्वराला परकी झालेली नाही.

भटोबासांची शुश्रूषा कोणी केली, हे पाहण्यासारखे आहे. स्वामींनी जाण्यापूर्वीच आपल्या भक्तजनांना श्रीप्रभूंच्या सन्निधानी ऋद्धपुरास जाण्याची आज्ञा केली होती. आपल्या वियोगाने जे दुःख होणार त्याची तरतूद त्यांनी आधीच केली आणि ती एखादा ग्रंथ हाती देऊन केली नाही. एका व्यक्तीच्या जवळ जाऊन राहा, असे सांगितले. आणि श्रीगोविंदप्रभू कसे, तर ऋद्धपुरातील लहानथोर त्यांना आई आणि बाप दोन्ही मानीत. मातंगांनी पाण्यासाठी विनविले तेव्हा विहिरीची जागा त्यांनी दाखवून दिली. तेथे तर्काची चर्चा फारशी नव्हती. खेळ होता, खाणे होते, रुसणे होते, सेवा होती. वियोगाने पोळलेल्या मंडळींना हात गुंतविण्याजोगे काम मिळाले.

याच ऋद्धपुरात, वाजेश्वरीच्या देवळात, शके 1200 च्या सुमारास जे घडले ते आपल्या विषयाचे मर्म होय. भटोबास एकांती बसून काही करीत असलेले म्हाइंभटांनी पाहिले आणि आपण काय करीत आहात, असे विचारले. स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत आहे, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्या लीळा मला सांगाव्यात अशी विनंती म्हाइंभटांनी केली. सहा महिनेपर्यंत भटोबास सांगत राहिले आणि म्हाइंभट ऐकत व टिपत राहिले. मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ म्हणून साहित्याचे इतिहासकार ज्याचा गौरव करतात तो लीळाचरित्र ग्रंथ असा सिद्ध झाला. आपण त्याकडे शास्त्र म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण घडले काय ते बारकाईने पाहावे. वियोगी मनुष्य आपल्याशीच आठवणी उगाळीत बसला होता. दुसऱ्याने त्याला उपदेश केला नाही, आठवणी काढू नका म्हणून दटावले नाही, मन दुसरीकडे वळवा असेही सुचविले नाही. त्याने विचारले आणि ऐकले. म्हाइंभट हे मोठे पंडित होते. वाद जिंकण्याची विद्या त्यांच्यापाशी भरपूर होती. ती बाजूस ठेवून ते सहा महिने श्रोते झाले.

आपल्या समाचाराच्या भेटींची याच्याशी तुलना केली तर लज्जा वाटावी अशी स्थिती आहे. आपण जातो, चार वाक्ये बोलतो, त्यांतील तीन आपल्या घरच्या मृत्यूंविषयी असतात, आणि चहा नको नको म्हणत घेऊन कल्याणची गाडी गाठतो. गेलेल्या माणसाचे नाव घेतले तर घरच्यांना दुःख होईल म्हणून आपण ते टाळतो. वास्तविक घरच्यांच्या मनात ते नाव अहोरात्र चाललेलेच असते. ते मोठ्याने उच्चारायला त्यांना कोणी सोबती हवा असतो. त्यांचे शेवटचे दिवस कसे गेले, त्यांना काय आवडत असे, असे शांतपणे विचारावे आणि मग आपण गप्प बसावे. गप्प बसणे हे यातील सर्वांत अवघड साधन आहे.

म्हाइंभटांची आणखी एक रीत येथे उपयोगी पडते. एकच लीळा निरनिराळ्या भक्तजनांनी निरनिराळ्या प्रकारे सांगितली तेव्हा त्यांनी ज्याचा त्याचा शोध त्याच्या त्याच्या नावाने नोंदविला. पुढे धाडीत मूळ पोथ्या गेल्या आणि हिराइसांसारख्या तीव्र स्मरणशक्तीच्या व्यक्तींच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, तेव्हाही पाठभेद सांभाळले गेले. दुःखाच्या घरी असेच होते. पत्नीला तो माणूस जसा आठवतो तसा आईला आठवत नाही. भावाच्या मनात जुने भांडण असते. मुलाला बाप रागीट आठवतो आणि तसे बोलण्याची त्याला चोरी वाटते. भेटीस गेलेल्याने यांत न्यायनिवाडा करू नये. ज्याचा शोध त्याचा, असे समजून सर्वांचे ऐकून घ्यावे.

आता कर्माच्या प्रश्नाकडे वळू, कारण सर्वाधिक घाव येथेच घातले जातात. जीवाला भोगावे लागणारे सुखदुःख हे कर्मफळ होय, हा सिद्धांत निःसंशय आहे. तथापि तो कोणी, कोणाला आणि केव्हा सांगावा? पुत्र गेलेल्या पित्याला तिसऱ्या दिवशी पूर्वकर्माचा हिशेब सांगणारा उपदेशी आपण शास्त्र सांगितले असे मानून घरी येतो. परंतु कोणत्या जीवाचे कोणते कर्म कोणत्या रूपाने फळास आले हे जाणणारा एकच आहे, आणि म्हणूनच त्याला आपण सर्वज्ञ म्हणतो. दुसऱ्याच्या कर्माचे निदान करणारा मनुष्य नकळत त्या नावावर हक्क सांगत असतो. कर्मविचार हा स्वतःच्या निर्वेदासाठी आहे. आपले दुःख पाहताना तो उपयोगी पडतो. शेजाऱ्याचे दुःख पाहताना तोच शस्त्र होतो. मुंगीलाही आपल्या योगे वैधव्य येऊ नये एवढी अहिंसा ज्या स्वामींनी शिकविली, त्यांच्या अनुयायाने विधवेसमोर तिच्या पूर्वजन्मीच्या पापाची भाषा बोलावी, हे केवळ असभ्य नसून आचाराशीही विसंगत आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सशाची लीळा सर्वांना मुखोद्गत आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावत आलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरला. स्वामींनी प्रथम त्याला तेथे राहू दिले. निरूपण झाले ते पारध्यांना. सशाला मात्र त्यांनी काहीच शिकविले नाही. भय सरल्यावर मांडी उचलून आदराच्या शब्दांनी निरोप दिला. आश्रय कोणाला द्यावा आणि उपदेश कोणाला करावा याचा इतका स्पष्ट विवेक अन्यत्र क्वचित आढळेल. लोकलच्या दारातून पडून गेलेल्या तरुणाच्या घरी, त्याने दारात उभे राहायला नको होते, असे सांगण्यात काय साधते? सांगायचेच असेल तर ज्यांच्या हाती गाड्यांची व्यवस्था आहे त्यांना सांगावे.

दुःखित जेव्हा का म्हणून विचारतो तेव्हा उत्तर दिलेच पाहिजे असेही नाही. महदाईसा सतत काहीतरी पुसत असत आणि त्यांची ती जिज्ञासा स्वामींना आवडे. प्रश्न विचारणे हे अश्रद्धेचे लक्षण असते तर आपले निम्मे शास्त्र प्रकटच झाले नसते. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे. उत्तर ठाऊक असले तरी ते ऐकण्याइतके समोरचे मन निवले आहे की नाही हे पाहावे. आणि भाषा सोपी असावी. केशोबासांसारख्या विद्वानांचा कल संस्कृताकडे जाऊ लागला तेव्हा भटोबासांनी तो मोडला. कारण त्यायोगे साध्या वृद्ध स्त्रियांच्या हाती काही लागले नसते. सूत्रांची आवृत्ती करणाऱ्या भिक्षुकाने मृत्यूच्या घरी गेल्यावर पारिभाषिक शब्द उंबऱ्याबाहेर ठेवावेत. तसेच स्वामींनी विटाळाची कल्पना मानली नाही, हे ध्यानात ठेवून सुतकाच्या सबबीवर जाणे लांबणीवर टाकू नये.

आता एक नाजूक विषय. मनाचा तोल गेलेल्या रुग्णांना आपल्या काही देवस्थानी घेऊन जाण्याची चाल जुनी आहे. व्हिडा स्कल्टन्स या अभ्यासिकेने फलटण येथील महानुभाव मंदिरात राहून अशा कुटुंबांचे निरीक्षण केले आणि 1987 साली ‘मॅन’ या मानवशास्त्राच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की रुग्णाबरोबर येणाऱ्या बहुतेक आया, पत्नी असत. आणि त्या स्वतःच अंगात येऊन झुलत असत. घरातील पुरुषाची किंवा मुलाची पीडा आपल्यावर यावी अशी त्यांची प्रार्थना असे. या निरीक्षणाचा अर्थ कसाही लावावा, त्यातील एक गोष्ट मनावर घेण्याजोगी आहे. रुग्णाकडे सर्वांचे लक्ष असते. त्याला सांभाळणारी बाई मात्र कोणाच्या गणतीत नसते, आणि तिचा क्लेश जेव्हा शब्दाने बाहेर पडू शकत नाही तेव्हा तो देहाने बाहेर पडतो. भेटीस गेल्यावर रुग्णाची विचारपूस झाली की स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईलाही, तुम्हाला झोप लागते का, असे विचारावे. शक्य असल्यास दोन तास रुग्णापाशी आपण बसून तिला मोकळे करावे. हीसुद्धा सेवाच होय.

देवाच्या दारी आणलेल्या रुग्णाला आश्रय मिळावा हे उचित. परंतु त्यापायी वैद्याचा उपचार थांबविणे सर्वथा अनुचित. तामिळनाडूत एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण सुटू न शकल्याने मेले, हे विसरता येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा बंधनास मनाई केली आहे, आणि महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा ठरला आहे. बुवा, गंडेदोरे, नवस यांकडे दुःखाच्या भरात वळणाऱ्या उपदेशीला आपण अनन्यभक्तीचे स्मरण देतो. ते देताना त्याला योग्य ठिकाणी पोहोचविण्याचेही पत्करावे; नुसते अडविले तर तो आपल्याला चुकवून जाईल.

ठाण्याच्या मंडळींना यासाठी दूर जावे लागत नाही. तेथील मनोरुग्णालय 1901 सालापासून आहे; डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली ठाण्यातच मानसिक आरोग्याची संस्था उभारली. आणि 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर शासनाची टेलिमानस ही सेवा दिवसरात्र उपलब्ध आहे. बोलता बोलता एखाद्याने जगण्यात अर्थ नाही, मी सर्वांना भार झालो आहे, असे म्हटले तर ते वैराग्य समजू नये. निर्वेद आणि हे खचणे यांत अंतर आहे. निर्वेद झालेला मनुष्य परमेश्वराच्या दिशेने चालू लागतो, त्याला भूक लागते, तो अटनास निघतो. खचलेला मनुष्य खात नाही, झोपत नाही, निरवानिरवीची भाषा करतो. जिवावर उदार झाला आहेस काय, असे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो हा समज खोटा आहे. होय म्हणाला तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी घरच्यांना कळवून वैद्याकडे न्यावे. हे गुपित ठेवण्याचे वचन कोणी मागितले तर देऊ नये.

याच कल्याण गावी 31 मार्च 1865 रोजी आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले आणि त्या दुःखातून पुढे त्या वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस गेल्या, ही कथा येथे अभिमानाने सांगतात. ती मूल गेलेल्या मातेला मात्र सांगू नये. स्वतःच्या दुःखातून काय घडवायचे हे तिचे तिला सुचू द्यावे. नाहीच काही घडले तरी ती दंडवताची धनी आहे.

शेवटी नेमाविषयी थोडे. दशक्रियेपर्यंत घर माणसांनी भरलेले असते. खरे एकटेपण त्यानंतर, नातलग आपापल्या गावी परतल्यावर लागते. म्हणून ठाणे ते कल्याण या भागातील उपदेशी मंडळींनी आपसात वाटून घेऊन महिन्याने, तीन महिन्यांनी आणि वर्षदिवशी पुन्हा जावे. दोघांनी जावे, एक बोलणारा असला तर दुसरा ऐकणारा असावा. पोथी बरोबर न्यावी, पण घरच्यांनी म्हटल्यावाचून उघडू नये. वाचावयाचे झालेच तर पहिल्या भेटीत उत्तरार्धाच्या अखेरच्या, वियोगाच्या लीळा काढू नयेत. त्या फार जड जातात. श्रीप्रभूंच्या ऋद्धपुरातील खेळाच्या एकदोन लीळा पुरेत. त्या ऐकताना कोणी हसले तर हसू द्यावे, आणि मध्येच कोणाला आपल्या गेलेल्या माणसाची आठवण होऊन ते बोलू लागले तर पोथी मिटून त्यांचे ऐकावे.